सुट्टीच्या दिवशीचं हृदय

एका सैनिकाच्या कोटाला जिने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या, त्या बाईच्या हातात कात्री ठेवायची की काढून घ्यायची, हा विषय नाटकगृहाच्या कपडेपटात बरीच वर्षं चघळला गेला. चूक तशी साधी होती. कापड भरपूर असलं की ते दुहेरी घालतात आणि डाव्या-उजव्या बाहीची जोडी एकदमच निघते. कापड अपुरं असलं की एकेक बाही सुटी कापावी लागते आणि दुसऱ्या वेळी कागदी साचा उलटा करून ठेवावा लागतो. तिने साचा उलटा करायला उचलला होता, हे सगळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात खिडकीखाली कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. ही बघायला गेली, हाक मारणारा कोण आणि ऐकणारा कोण याचा तपास करून परत आली, आणि साचा होता तसाच ठेवून कात्री चालवली. जास्तीचं कापड नव्हतंच. त्या सैनिकाने सबंध प्रयोगभर एक हात खिशात घालून लढाई केली आणि जिंकलीही.

तिला सगळे धांदल म्हणत. हे नाव तिच्या आईने ठेवलं होतं, शाळेने पक्कं केलं होतं आणि लग्नानंतर नवऱ्याने प्रेमाने चालू ठेवलं होतं. कपडेपटाच्या मुख्य बाई, ज्यांना लहानथोर सगळेच मोठ्या बाई म्हणत, त्यासुद्धा रागावल्या की 'अगं धांदल' आणि खूश असल्या की 'अगं बाई धांदल' म्हणायच्या. मोठ्या बाईंनी तिला इतकी वर्षं ठेवून घेतली ती तिच्या हातासाठी. कापड नुसतं बोटांतून फिरवून ते धुतल्यावर किती आटेल हे ती सांगायची. अडचण होती ती पुढची. सांगून झालं की ती ते कापड कुठेतरी ठेवायची आणि मग सगळा कपडेपट ते शोधत बसायचा.

घरी तिच्या अर्धवट कामांना एक आख्खं कपाट दिलेलं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. स्वभावाने शांत, हाती घेतलेला स्क्रू जागेवर बसल्याशिवाय न उठणारा. तो त्या कपाटाला 'संग्रहालय' म्हणायचा आणि पाहुणे आले की दार लोटून घ्यायचा. आत एका पायाचे पायमोजे होते, पाठ नसलेले स्वेटर होते, आणि लेक बालवाडीत असताना तिच्यासाठी बेतलेला एक पिवळा झगा होता. लेक कॉलेजात गेली तरी झग्याची एक बाजू टाचण्यांवरच होती.

आता हे असं का होतं, ते कळलं योगायोगाने. लेकीचं अभ्यासात लक्ष नाही म्हणून कॉलेजच्या बाईंनी डॉक्टरांकडे पाठवलं. मन आणि लक्ष यांचे आजार बघणाऱ्या त्या डॉक्टर. त्यांनी लेकीला विचारलं, "हातातलं काम टाकून दुसरं सुरू करतेस का?" लेक विचार करू लागली, तोवर आई म्हणाली, "रोज!" डॉक्टरांनी विचारलं, "वस्तू हरवतात?" आई म्हणाली, "अहो, चष्मा शोधायला चष्मा लागतो." डॉक्टरांनी विचारलं, "समोरचा बोलत असताना मध्येच तोडतेस?" आणि हा प्रश्न पुरा व्हायच्या आतच आईने उत्तर दिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मुलीला काही झालेलं नाही. तिला विषय आवडत नाही, एवढंच. पण आपण तुमच्याबद्दल बोलू या का?"

तर लक्ष एका जागी न टिकण्याच्या या प्रकाराला एडीएचडी म्हणतात हे धांदलला चाळिशी उलटल्यावर कळलं. ती घरी येऊन खूप रडली. आळशी, बेफिकीर, बेजबाबदार ही सगळी विशेषणं तिने आयुष्यभर निमूटपणे अंगावर घेतली होती, आणि त्यांतलं एकही तिचं नव्हतं. मग गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक आणि दुपारी एक.

गोळीने काय झालं ते ती सगळ्यांना सारखं सांगायची. डोक्यात आयुष्यभर पाच-सहा रेडिओ एकदम चालू होते, त्यांतले बाकीचे कोणीतरी बंद केले आणि एकच राहिला, तोही तिला हवा तो. पहिल्याच आठवड्यात तिने संग्रहालय उघडलं. पिवळा झगा काढला, टाचण्या उपसल्या, शिवून पुरा केला, इस्त्री केली आणि लेकीच्या पलंगावर ठेवला. लेकीने तो उचलून स्वतःपुढे धरला. तो तिच्या गुडघ्याच्या वरच कुठेतरी राहिला. दोघी हसता हसता रडल्या. "उशीर झाला गं थोडा," आई म्हणाली. लेक म्हणाली, "थोडा?"

कपडेपटातही गाडी रुळावर आली. धांदल वेळेवर येऊ लागली, सुरू केलेलं संपवू लागली. मोठ्या बाईंना निवृत्तीचे वेध लागले होते. नव्या नाटकातल्या राजाचा मोठा कोट, ज्याला आजवर त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता, तो त्यांनी या वेळी धांदलकडे दिला. ती त्या दिवशी घरी कशी गेली ते तिचं तिलाच आठवत नव्हतं.

आणि याच सुमारास तिची छाती धडधडू लागली.

आधी जिना चढताना, मग बसल्या जागी. कधी कानात ठोके ऐकू यायचे, कधी एखादा ठोका चुकून पुढचा दणकन पडायचा. तिने स्वतःची समजूत घातली की आनंदाने होत असेल. एवढा आनंद पूर्वी कधी झालेला नसल्यामुळे तो कसा असतो हे तिला नक्की ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की या गोळीने नाडी आणि रक्तदाब थोडे वाढू शकतात, म्हणून दर महिन्याला येऊन तपासून जायचं, आणि धडधड, छातीत दुखणं, चक्कर असं काही झालं तर लपवायचं नाही. धांदल दर महिन्याला जात होती, अगदी न चुकता. दर वेळी रक्तदाब झकास निघायचा आणि डॉक्टर म्हणायच्या, "उत्तम. चालू ठेवा."

यात एक मेख होती. डॉक्टर एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की घरी निवांत असाल तर सुट्टीच्या दिवशी गोळी नाही घेतली तरी चालेल. तपासणीला जायचं तर कामावरून सुट्टी काढावी लागायची. मग सुट्टी म्हटल्यावर गोळी कशाला? ही सकाळी निवांत उठायची, गोळी न घेता, ठेचकाळत, एकदा चुकीच्या बसमध्ये बसून आणि एकदा छत्री हरवून डॉक्टरांकडे पोचायची. डॉक्टर तिचा दंड गुंडाळून पट्टा फुगवायच्या, आणि गोळीचा वाराही न लागलेलं तिचं हृदय शहाण्या मुलासारखं वागून दाखवायचं.

पहिले काही महिने हे खरोखर तिच्या ध्यानात आलं नाही. नंतर आलं. एकदा पट्टा फुगत असताना तिच्या मनात लख्ख उजेड पडला, की अरे, डॉक्टरांना दिसतंय ते भलतंच. बोलायला तिने तोंडही उघडलं. डॉक्टर म्हणाल्या, "काय?" आणि धांदलच्या डोळ्यांसमोर ते कपाट उभं राहिलं, एका पायाचे मोजे, पाठ नसलेले स्वेटर. ही गोळी काढून घेतील. मी परत तीच होईन. "काही नाही," ती म्हणाली. तिथून पुढे ती चूक राहिली नाही, लपवाछपवी झाली, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

राजाचा कोट तिने एका बैठकीत कापला. डबा उघडायचंही भान राहिलं नाही. गोळीने भूक मरायची, मग डब्याच्या जागी चहा, चहावर चहा. जुन्या पोशाखांच्या धुळीने नाक चोंदायचं, म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळीही त्यात असायची. कोट मात्र असा उतरला की बघत राहावं. सुताचाही फरक नाही.

शिवून झाल्यावर एका दुपारी माप बघायला नट आला. तो वर्षानुवर्षं राजेच करत आल्यामुळे त्याला सगळे राजाच म्हणत. त्याला स्टुलावर उभं केलं, कोट चढवला. मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर घेतला, काखेखालची शिवण उलटून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कापलायस अचूक. पण माया कुठंय?"

शिवणीच्या आत जे थोडं जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. माणूस जाडावला, की ती उसवून कपडा सैल करता येतो. नाटकाच्या कपड्यांना तर ती हवीच, कारण या वर्षी जो कोट या राजाचा तो पुढच्या वर्षी कुठल्या राजाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. ज्या कोणी या जास्तीच्या कापडाला हे नाव दिलं, त्याला शिवणाइतकंच माणूसही कळत असावं.

"लागणारच नाही बाई," धांदल म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे हे वाक्य जरा दातांतून आलं. "माप तंतोतंत घेतलंय."

"माप उभ्या माणसाचं घेतलंस. तो तिथे जाऊन नुसता उभा राहणार आहे का?" मोठ्या बाई राजाकडे वळल्या. "पहिलं वाक्य म्हणा हो तुमचं. मोठ्यांदा."

राजाने छाती भरून श्वास घेतला. वाक्य बाहेर यायच्या आधीच काखेत टर्रकन आवाज झाला आणि शिवण बोटभर उसवली. राजा स्टुलावर अवघडून उभा राहिला. धांदल खाली गुडघ्यांवर होती, ती फाटलं किती ते बघायला झटक्यात उठली, आणि तिचं हृदय सुटलं. दुसरा शब्द नाही. कोणीतरी सोडून दिल्यासारखं पळायला लागलं. खोलीच्या कडा काळ्या झाल्या. ओरडावं तर ओठांत टाचण्या.

"टाचण्या थुंक!" मोठ्या बाई कडाडल्या. "आधी टाचण्या थुंक, मग काय व्हायचं ते हो!"

तिने थुंकल्या. राजाने तिला धरून खाली बसवलं. मोठ्या बाई स्वतः रक्तदाबाच्या जुन्या रुग्ण, त्यांच्या खणात यंत्र असायचंच. त्यांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, थोडं थांबून पुन्हा लावला. दुसरा आकडाही त्यांना आवडला नाही.

"आज ती लक्षाची गोळी घेतलीस?"

"घेतली की."

"आणि डॉक्टरकडे तपासायला जातेस तेव्हा काय निघतं?"

"नॉर्मल. दर वेळी."

"तेव्हा घेऊन जातेस?"

धांदल जमिनीवरच्या टाचण्या गोळा करू लागली. राजा उगाचच छताकडे बघू लागला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि तो दोरीला लोंबकळत राहिला. "माझ्याशी खोटं बोललीस तर मी कात्री काढून घेईन," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू तर स्वतःशीच खोटं बोलतेयस. ऊठ. आत्ता जायचं. ती पोटात असताना."

त्या डॉक्टर मोठ्या रुग्णालयात बसायच्या, हे बरं होतं. गेल्या गेल्या धांदलला आडवं करून ईसीजी काढला, रक्त घेतलं, तासभर नजरेखाली ठेवलं. तात्काळ धोक्याचं काही नाही असं कळल्यावरच डॉक्टर तिच्याशी बोलायला बसल्या. तोवर नवराही कामाच्या कपड्यांत धावत आला होता. धांदलने सगळं सांगून टाकलं. सुट्टी, गोळी, चहा, सर्दीची गोळी, मनातली भीती. बोलताना तिने एकदाही विषय बदलला नाही, यावरूनच नवऱ्याला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

डॉक्टर रागावल्या होत्या, पण आवाज चढला नाही. "म्हणजे इतके महिने तुम्ही मला तुमचं सुट्टीच्या दिवशीचं हृदय दाखवत होतात," त्या म्हणाल्या. "आणि कामाच्या दिवसाचं घरी ठेवून येत होतात. मी औषध देत होते ते कामाच्या दिवसाला. चूक माझीही आहे. गोळी घेऊन आलात का, हे मी दर वेळी विचारायला हवं होतं."

"गोळी बंद करू नका," धांदल म्हणाली. "डॉक्टर, मी हात जोडते. धडधड चालेल मला."

"मला नाही चालणार. हृदयाचे डॉक्टर बघेपर्यंत बंद."

पुढचे काही आठवडे घराने पुन्हा जुनी धांदल बघितली. दूध उतू गेलं, किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. पण पूर्वी हे तिचं रोजचं होतं, आता तिला दुसरं काहीतरी चाखून झालेलं होतं, आणि ते हातून गेल्याचं दुःख फार खोल लागलं. कपडेपटात ती कात्री हातात घ्यायची आणि परत ठेवायची. मोठ्या बाईंनी तिला बटणं निवडायला बसवलं. राजाचा कोट एका बाजूने उसवलेला, पुतळ्यावर तसाच होता. प्रयोग जवळ येत चालला होता.

एका संध्याकाळी नवरा हात धूत होता, ती दारात येऊन उभी राहिली. "मला गोळीशिवाय जगता येतं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं जगलेच की. पण मला ते नकोय. ऐकतोयस ना? मला तसं परत नकोय."

नवऱ्याने हात पुसले. त्याला बोलायला वेळ लागायचा. "लिफ्टमध्ये जास्त माणसं चढली की ती ओरडते," तो म्हणाला. "लोक समजतात बिघडली. बिघडलेली नसते. दोन माणसं उतरली की चालते."

"मी काय लिफ्ट आहे?"

"नाहीस ना. लिफ्ट गेली तर मी दुसरी बसवू शकतो." एवढं बोलून तो पुन्हा नळाकडे वळला आणि धुतलेलेच हात परत धूत राहिला. तो घाबरला होता. हे आजवर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, की आपण गोळीला घाबरून असताना हा आपल्यासाठी घाबरून होता. तिला स्वतःची फार लाज वाटली आणि त्याच्यावर फार प्रेमही आलं. "पाणी बंद कर," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलणारे. हृदयाचं चित्र काढणारी इको तपासणी झाली. मग छातीला चिकटवून ठेवायचं, ठोके टिपणारं एक छोटं यंत्र देऊन त्यांनी तिला एक दिवस कामावर पाठवलं. कपडेपटात त्या यंत्राचं मोठं कौतुक झालं. राजाने जाता-येता त्याला मुजरा केला. निकाल घेऊन ती नवऱ्याबरोबर डॉक्टरांसमोर बसली.

"सर्दीची गोळी किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"धूळ आहे तेव्हापासून."

"ती नाक मोकळं करते आणि रक्तदाब वर नेते. चहा?"

"मोजत नाही."

"आणि जेवण?"

"मोजण्यासारखं नसतं," नवऱ्याने मध्येच उत्तर दिलं.

डॉक्टर पहिल्यांदा हसले. इकोचं चित्र त्यांनी तिच्यासमोर सरकवलं. "हृदय चांगलं आहे तुमचं. दमलेलं नाही, दामटलेलं आहे. रिकाम्या पोटी गोळी, वर चहा, वर नाकाची गोळी, सगळ्यांनी मिळून एकाच बैलाला हाकलं. हृदयात मुळात दोष सापडला असता तर मी ती गोळी पुन्हा घेऊ दिली नसती. तो नाही. मग आता बैलावरचं ओझं कमी करून बघू."

दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले आणि गोळी परत सुरू झाली, पण अटी होत्या. डोस कमी. दोन वेळच्या झटक्यांऐवजी सावकाश विरघळणारी एकच गोळी, सकाळी पोटभर न्याहारी झाल्यावर. चहा सकाळचा तेवढा. धुळीसाठी नाकातोंडावर पट्टी आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आणि कुठलंही औषध विचारल्याशिवाय नाही. घरी रक्तदाबाचं यंत्र, आणि तपासायचं ते गोळीचा जोर असताना. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधार आला तर कोणाला न विचारता थेट रुग्णालय. आणि एवढं करूनही आकडा उतरला नाही, तर ही गोळी सोडून वेगळ्या जातीचं औषध. "तसं औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे वाट बंद होत नाही. पण आधी या वाटेने बघू. पुढच्या महिन्यात या. गोळी घेऊन!"

पहिल्या सकाळी ती गोळी घेऊन वाट बघत बसली. रेडिओ बंद झाले, पण सगळे नाहीत. एखादा दूरच्या खोलीत खरखरत राहिला. दुपार कलली की तोही खोलीत यायचा. तिने डॉक्टरांना फोन करून तक्रार केली, की पूर्वीसारखं होत नाही, संध्याकाळकडे लक्ष सुटतं. डॉक्टर म्हणाल्या, "पूर्वीसारखं मी म्हटलंच नव्हतं. पूर्वीचं तुमच्या हृदयाच्या खर्चाने चाललं होतं."

ती फोन ठेवून बराच वेळ चिडून बसली. मग उठून कामाला गेली, कारण कोट पुतळ्यावर होता.

कोटासमोर ती उभी राहिली आणि तिला दिसलं की आपण काय केलं होतं. सबंध कोटात श्वास घ्यायला कुठे जागाच ठेवली नव्हती. दिवसही आपण असाच कापत होतो, काठाला काठ लावून. जेवायला माया नाही, दमायला नाही, चुकायला तर नाहीच. "बाई," तिने हाक मारली, "याच्या दोन्ही बाजू काढून नव्या पट्ट्या घालते. चालेल?"

मोठ्या बाईंनी मान वर केली नाही. "माया किती ठेवशील?"

"अंगठाभर."

"मग चालेल."

तिने कामाची वाटणीच बदलली. कापणं सकाळी, जेव्हा डोकं आणि हात एका जागी असतात. दुपारनंतर हूक, काजं, इस्त्री, जिथे चुकलं तरी उसवता येतं. प्रत्येक सुट्या बाहीवर कापायच्या आधी खडूने मोठं 'डा' किंवा 'उ', आणि कात्री लावायच्या आधी दुसऱ्या कोणालातरी हाक. सुरुवातीला हाक मारताना तिचे कान लाल व्हायचे. नंतर सगळेच तसं करायला लागले, मोठ्या बाईसुद्धा. जेवायच्या वेळी लेक फोन करायची, "आई, डबा उघडलास की नुसता मांडीवर घेतलायस?" आणि किटलीची राखण मोठ्या बाईंनी स्वतःकडे घेतली. दुपारी कोणी तिला चहा विचारला तर त्या तुरुंगाधिकाऱ्यासारख्या बघायच्या.

रंगीत तालमीला राजा कोट घालून उभा राहिला. मोठ्या बाई आणि धांदल विंगेत होत्या. त्याने छाती भरून श्वास घेतला, जरा जास्तच, मुद्दाम, विंगेकडे डोळा घालून. शिवण हलली नाही. त्याचं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत गेलं. मोठ्या बाईंनी धांदलचा हात धरला आणि बोटं मनगटावर, नाडीवर ठेवली. त्या काही मोजत नव्हत्या, नुसत्या धरून उभ्या होत्या.

तपासणीच्या दिवशी धांदलने सुट्टी काढली नाही. न्याहारी केली, गोळी घेतली, सकाळभर कापड कापलं आणि बोटांना खडू तसाच घेऊन ती निघाली. नवरा रुग्णालयाच्या बाहेर भेटला, पण आत आला नाही. "मी इथेच थांबतो," तो म्हणाला. त्याला भीतीने आत बसवलं नसतं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी?"

"पोटात."

तिने बाही वर सरकवली. पट्टा फुगू लागला, दंड आवळत गेला. दर महिन्याच्या तपासणीत आजवर हे यंत्र फसत आलं होतं, आज पहिल्यांदा त्याला खरं ते दिसणार होतं. आपण पुन्हा तीच होऊ की नाही, ते या पट्ट्यात होतं. तिने डोळे मिटले आणि ठोके ऐकले. लागत होते, पण पळत नव्हते. हवा सुसकारत बाहेर गेली. डॉक्टरांनी आकडा बघितला, थोडं थांबून पुन्हा बघितला. मग तिच्या घरच्या आकड्यांशी ताडून पाहिला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या.

"गोळी घेऊन चांगला आहे?"

"गोळी घेऊन चांगला आहे. हाच डोस चालू ठेवू. तपासत राहायचं, पण गोळी तुमची."

धांदलने तोंडावर दोन्ही हात ठेवले आणि गालांना खडू लागला.

"आणि संध्याकाळचं काय?" डॉक्टरांनी विचारलं. "लक्ष सुटतं म्हणत होतात. त्याचा त्रास होतो का अजून?"

"सुटतं," ती म्हणाली. "सुटू दे. तेवढी माया ठेवलीय."

डॉक्टरांना शिवण येत नसावं, पण त्यांना कळलं.

ती जवळजवळ धावतच बाहेर आली, मग आठवण होऊन चालू लागली. नवरा उभाच होता. तिच्याकडे बघून त्याला काय ते समजलं, आणि त्याच्या खांद्यांत इतके दिवस जे अडकून होतं ते खाली उतरलेलं तिला दिसलं. मग तिच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाला, "बाही."

तिने खाली बघितलं. एक बाही मनगटापर्यंत नीट होती आणि दुसरी अजून दंडावर गोळा झालेली, पट्ट्यासाठी वर केली होती तशीच. अशीच ती सबंध रुग्णालयातून चालत आली होती.

"कोणती राहिली?" तिने विचारलं.

"डावी."

"एकच ना?" ती म्हणाली, आणि ती बाही खाली ओढत रस्त्यात उभी राहून इतकी हसली की बसच्या थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. "मग झालं तर."